उडता चतुर

सगळं गाव त्यांना 'हलूनका' म्हणायचं. तोंडावर काका, पाठीमागे हलूनका. उभी हयात त्यांनी स्टुडिओत माणसांचे फोटो काढले आणि "हं, हलू नका" म्हटल्याशिवाय एकदाही बटण दाबलं नाही. त्या 'हं'ने रडकी पोरं गप्प व्हायची आणि नवरदेव ताठ बसायचे. मग आतल्या खोलीत, खिडकीपाशी, काकू त्या फोटोंच्या टच-अपला बसायच्या. बारीक ब्रशने कुणाची पुटकुळी घालवायची, कुणाच्या डोळ्याखालचं काळं. निम्मं गाव आपल्या खऱ्या तोंडापेक्षा काकूंनी दिलेल्या तोंडावर खूश होतं.

अशा माणसाने म्हातारपणी उडत्या चतुरांच्या मागे लागावं, हे हसण्यासारखंच होतं, आणि लोक हसलेही. पण याला कारण काकूच होत्या. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर हे लांब शेपटीचे चतुर किडे घिरट्या घालायचे आणि काकू ब्रश धुता धुता नवऱ्याला डिवचायच्या, "बसलेल्यांचे फोटो काय, कुणीही काढेल. तो उडता काढून दाखवा, मग मानेन." काका म्हणायचे, काढू की, घाई काय आहे! घाई खरंच नव्हती. मग काकूंची नजर अधू होऊ लागली.

"मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालंही तसंच. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट व्हायचा, आणि त्याच्या मागचं दार, पडदा तेवढा शाबूत. "तुमचं तोंड गेलं, कान राहिले," काकू घरी आल्यावर म्हणाल्या. "एवढं काही नुकसान नाही झालं." काका हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले. हिची उरलीसुरली नजर जायच्या आत हिला उडत्या चतुराचा फोटो दाखवायचाच, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

रोज सकाळी दोघं बंद पडलेल्या खाणीतल्या तळ्यावर जाऊ लागली. काठावर काकूंची घडीची खुर्ची, शेजारी काकांचा जुना कॅमेरा. सुरुवातीला काका चतुराच्या मागे भिंग फिरवत राहिले. मान अवघडली, हाती नुसतं आभाळ लागलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा गडी पहारेकऱ्यासारखा ठरलेल्या वाटेनेच फेऱ्या मारतो आणि वाळक्या लव्हाळ्यापाशी क्षणभर हवेतच थबकतो. तेव्हा त्याच्यामागे धावायचं कशाला? त्यांनी लव्हाळ्यावर फोकस बांधला आणि त्या रिकाम्या जागेकडे डोळा लावून बसले.

डोकं बरोबर चाललं होतं, फोटो मात्र येईनात. दर वेळी लव्हाळा झक्क, पाण्यावरचे तरंग झक्क, आणि चतुर पसार. फार तर कोपऱ्यात शेपटीचं टोक. काका कॅमेऱ्यावर डाफरले, उन्हावर डाफरले. आपले हातच आता कामातून गेले की काय, असं मनात आलं तेव्हा मात्र ते घाबरले.

"अहो," काकू एकदा म्हणाल्या, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"मी? मी कुठं काय बोललो?"

"'हं' म्हणताय. दर वेळी. आधी 'हं', मग बटण. तो काय पासपोर्टच्या फोटोला बसलाय?"

काका ओशाळले. पुढच्या फेरीला त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण बोट इतक्या वर्षांचं शिकलेलं. 'हं' ऐकल्याशिवाय ते जागचं हलेना. चतुर आला, थबकला, गेला, आणि काका तसेच.

"मग 'हं' मी म्हणते," काकू म्हणाल्या. "तुम्ही नुसतं दाबा."

"तुला दिसणार कसं?" काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"समोरचं नाही दिसत. कडेने काही हललं की लगेच कळतं. मी इथं रोज काय करत बसते, असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी रुसल्यासारखं तोंड खाणीच्या भिंतीकडे फिरवलं आणि तळ्याचं पाणी नजरेच्या कोपऱ्यात धरलं. "हं." काकांनी दाबलं. लवकर झालं. "हं." उशिरा झालं. दोघांची थोडी वादावादीही झाली. मग पुन्हा एक "हं" आला, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बघून काका ओरडलेच. हवेत, कशालाही न टेकता, निळा चतुर. चारही पंख, पंखांवरची जाळी, छातीशी दुमडलेले पाय, सगळं!

घरी येऊन त्यांनी फोटो स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर लावला. एवढा मोठा केला की स्क्रीनभर तोच. काकूंनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, खाली घातली.

"निळं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"आणि पंख?"

"नाही हो दिसत."

काका स्टुलावर बसले. घाई काय आहे, घाई काय आहे म्हणत काढलेली सगळी वर्षं त्यांच्या अंगावर आली. "उशीर केला मी," ते म्हणाले.

"मला तो दिसलाय," काकू म्हणाल्या. "तळ्यावर दिसला. त्याशिवाय का सांगितलं तुम्हाला? तुम्ही पाहिलात का?"

त्या जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे तेवढ्यापुरता अंधार होतो. चतुर थबकला तो नेमका त्याच अंधारात.

"नाही," ते म्हणाले. "दाबताना काही दिसत नाही आतून. कधीच नाही दिसलं."

"अगंबाई!" काकूंना हसू आलं, आणि मग त्यांनी चाचपत नवऱ्याचा हात धरला. "मग ऐका. पाण्यावरून सरळ आला. लव्हाळ्यापाशी थांबला. आणि मग जरासा मागे सरकला. न वळता, तसाच उलटा."

"उलटा?" काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे तसलं काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."