पुस्तकातली माय

"मेली का नाही ते सांग आधी," भीमाबाईनं चरखा थांबवला. "मंग जोडीन धागा."

शामलानं बोटानं ओळ धरली आणि वाचलं, "डॉक्टरांनी तिच्या नाकाशी हात नेला आणि खिन्नपणे मान हलवली."

मेली. चौथी. भीमाबाईनं सुस्कारा टाकला, तुटलेलं सूत जोडलं आणि चरखा पुन्हा फिरू लागला.

तांडापेठेतल्या त्या बोळात दुपारची जेवणं उरकली, की बाया शामलाच्या वडिलांच्या, चंपतरावांच्या पडवीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसत. पुरुष आत मागावर, बाया बाहेर चरख्यावर, आणि एकीनं वाचायचं. वाचणारीच्या वाट्याच्या कांड्या बाकीच्यांनी भरून द्यायच्या, असा तिथला रिवाज. पोथ्या केव्हाच मागं पडल्या होत्या. सध्या वच्छलाच्या नवऱ्यानं, श्रीधरनं, सीताबर्डीच्या वाचनालयातून आणलेली रहस्यकादंबरी चालू होती. गावभर मान असलेला एक डॉक्टर लग्नं करत जातो, बायका मारत जातो, आणि प्रत्येकीच्या मयताला सगळ्यांत मोठ्यानं रडतो तोच.

"थोतांड आहे सारं," म्हातारी रुख्माबाई म्हणाली. "चार बाया मेल्या अन् गावाले कळत नाही? गावाचे डोये फुटले का?"

"कळून काय करन गाव? डॉक्टर आहे तो," वच्छला म्हणाली. "मले तर पहिल्याच पानावर समजलं होतं. लिहिणाऱ्याले लपवताच नाही आलं."

"लपवो नाही तं उघडं ठेवो, मले झ्याक वाटते," भीमाबाई म्हणाली. "परवापासून अंधारात मोरीत जात नाही मी, आता बोल."

शामलाची आई जनाबाई नुसतीच चरखा फिरवत होती. तिचं कशात लक्ष नव्हतं. येता रविवार तिच्या डोक्यावर बसला होता.

थोरली पुष्पलता तिनं उमरेडला दिली होती, बाबारावला. जावई बिजवर होता. पहिली बायको तापानं गेली, असं त्यांनी सांगितलं आणि यांनी ऐकलं. गेल्या वर्षी पुष्पलता विहिरीवर पाय घसरून गेली, असंही त्यांनीच सांगितलं. आता त्याच घरानं शामलाला मागितलं होतं. धाकटी बहीण मेहुण्याच्या घरी द्यायची, यात समाजात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुष्पलताचं तान्हं होतं, मावशीइतकी माया कोण लावणार, असं जो तो म्हणत होता. चंपतरावांनी होकार कळवून टाकला. रविवारी मंडळी कुंकू लावायला यायची होती. शामलाला कोणी विचारलं नाही, आणि तिनंही तोंडातून ब्र काढला नाही. पोर समजूतदार आहे, असं जनाबाई सगळ्यांना सांगत होती. मोठी माणसं अशीच असतात मेली. पोर गप्प बसली की समजूतदार म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

"वाच ना वं पुढं," भीमाबाई म्हणाली.

शामलानं घसा साफ केला.

"डॉक्टरनं आता चौथीच्याच धाकट्या बहिणीला मागणी घातली. चौथी मरण्याआधी दिवाळीला माहेरी आली होती. सगळे झोपल्यावर तिनं आईला पाठ दाखवली. पाठीवर काळेनिळे वळ होते. ती म्हणाली, आई, मला पाठवू नकोस, तो मला मारून टाकील. आईनं खोबरेल गरम करून पाठीला लावलं. म्हणाली, नांदत्या घरात असं व्हायचंच. भाऊबीज झाल्यावर आईनं तिला गाडीत बसवून दिलं."

जनाबाईच्या चरख्याचं सूत तुटलं. ते जोडायचं तिला सुचलं नाही.

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण वाचणारीजवळ बसण्यात तिचा जन्म गेला होता. पान केव्हा उलटायला हवं, हे तिला कळे. शामलाचे डोळे पानावर होते, पण ओळीवरून सरकत नव्हते. पान केव्हाचं उलटलं नव्हतं. आणि ते खोबरेल जनाबाईनंच गरम केलं होतं, पुष्पलताच्या पाठीसाठी. त्या रात्री भिंतीकडे तोंड करून शामला गोधडीत झोपली होती. झोपली आहे, असं तिच्या आईनं धरलं होतं.

"असी माय असते का कुठं?" रुख्माबाई कडाडली. "त्या डॉक्टरापेक्षा हे माय वाईट. आधी तिले फासावर द्या."

"काय करन वं बिचारी?" भीमाबाई म्हणाली. "नांदती पोरगी घरी ठेवली तं लोक बोलत नाही का?"

"पण हे कुठून आलं?" वच्छला गोंधळली. "आमच्या घरच्याइनं सारी गोष्ट सांगतली मले. त्यात कोणाची माय नाही."

शामलानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"जनाबाई, तुले काय वाटते?" भीमाबाईनं विचारलं.

जनाबाई उठली. मांडीवरची कांडी घरंगळत पडवीखाली गेली.

"वच्छला, श्रीधर उद्या उमरेडले जाऊन राहिला ना?"

"हो."

"बाबारावले निरोप देजो म्हणा. इतवारच्या दिवशी येऊ नका. पोट्टी देत नाही आम्ही."

सगळे चरखे थांबले. वच्छलानं शामलाकडे पाहिलं, मग जनाबाईकडे, आणि मान खाली घातली. भीमाबाई तोंडावर पदर धरून बसली.

"अन् चंपतरावले काय सांगशीन?" रुख्माबाईनं हळूच विचारलं.

"दिवायीचं सांगीन. सारं."

रुख्माबाईच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पार उतरला. ती जनाबाईचा हात धरायला पुढं सरकली.

"मी तं पुस्तकातल्या मायले बोलली वं, जनाबाई."

"तिलेच बोलली तू," जनाबाई म्हणाली. "बरोबर बोलली."