दुसरा चौकोन

फॉर्म कसा भरायचा हे डार्लीन पेल्कीला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या संसारात ती ते आपोआप शिकली होती, आणि छावणीत नव्यानं आलेल्या बायकांना शिकवणं हे ती आपलं कामच समजे. त्या फेब्रुवारीत विद्यापीठाची जाडजूड पाकिटं घरोघर आली, तशी तिनं शनिवारी सकाळी सहाजणींना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. जिनं तिनं आपापला पदार्थ आणला होता, कुणी राजमा घातलेला खिमा, कुणी खजुराच्या वड्या, आणि क्वेबेकहून नुकत्याच बदलून आलेल्या जोआनीनं मेपलच्या पाकातला केक. सैनिकांच्या घरच्यांचं मन कसं असतं, याचा अभ्यास विद्यापीठाला करायचा होता.

"प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन आहेत," डार्लीन म्हणाली. "पहिला 'कधीच नाही', पाचवा 'रोजच'. पाचव्याकडे बघायचंसुद्धा नाही. पण सगळीकडे पहिल्यावरही खूण करायची नाही. इतकं सुखी घर देवाचंही नसतं, त्यांना लगेच वास येतो. दुसरा. दुसरा चौकोन आपला. आणि पाच-सहा प्रश्नांमागे एखादा तिसरा, चवीपुरता."

"इथं विचारलंय, नवऱ्याचा आवाज चढला की घरातली माणसं दुसऱ्या खोलीत जातात का," जोआनी म्हणाली. "आता एतियेन तर..."

"दुसरा."

"पण आमच्याकडे रोजच..."

"पोरी, दुसरा."

"यावर नाव लिहायचं नाही म्हणतात ना?"

"नाव नाही. पण पाकिटावर आकडा आहे की. तुझ्या पाकिटावर आणि तुझ्या पोराच्या पाकिटावर एकच आकडा. तो काय शोभेला छापलाय?" डार्लीननं केकचा तुकडा ताटलीत घेतला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद एकदा घराबाहेर गेला की तो कुठल्या टेबलावर फिरेल ते तुझ्या हातात नाही."

तिचं म्हणणं हवेतलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तिची शेजारीण लॉर्ना छावणीच्या पाद्रीबाबांकडे जाऊन रडली होती, की नवरा झोपत नाही आणि पलंगाखाली कुऱ्हाड घेऊन निजतो. दोन महिन्यांत नवऱ्याची तपासणी झाली, वर्षभरात त्याला सैन्यातून घरी पाठवलं, आणि घर सैन्याचं असल्यामुळे तेही गेलं. पाद्रीबाबांनी चुगली केली असं कुणी सिद्ध केलं नाही, पण बायकांना सिद्ध व्हायची गरज वाटली नाही. हात दाखवून अवलक्षण नको, एवढा धडा सगळ्यांनी घेतला. सैन्यात भरती एकजण होतो, पण तोंड बंद ठेवायची शपथ अख्खं घर घेतं.

शिवाय डार्लीनचा नवरा रस त्या वर्षी बढती मिळून सार्जंटचा वॉरंट ऑफिसर व्हायचा होता. कंदाहारहून आल्यापासून तो बराच काळ गॅरेजमध्ये बसे, गाडी सुरू न करता, गाडीतच. हाक मारली तर चवताळून उठे. मारलं त्यानं कधीच नाही, हे डार्लीन मनातल्या मनात दिवसातून दोनदा म्हणत असे. जिला हे म्हणावं लागतं तिच्या घरात काय चाललंय, हे कळायला विद्यापीठ लागत नाही.

खरी झळ लागली होती ती चौदा वर्षांच्या ब्रिनला. बापाला छावणीचा डॉक्टर होता, दातांचा, गुडघ्याचा, झोपेचासुद्धा. घरच्यांना नव्हता. घरच्यांनी गावात शोधायचा, आणि गावातल्या डॉक्टरच्या यादीत नंबर लागेपर्यंत बदलीचा कागद येतो. ब्रिननं एका हिवाळ्यात आपल्या दोन्ही भुवया एकेक केस उपटून साफ केल्या होत्या. शाळेत ती टोपी डोळ्यांवर ओढून बसे, घरात हो-नाहीपलीकडे बोलत नसे. मग कुटुंब केंद्रात रोवेना नावाची समुपदेशक आली. छावणीच्या गावात मुलांशी बोलणारं तेवढंच एक माणूस. दर गुरुवारी साडेतीन वाजता ब्रिन तिच्याकडे जाई आणि पाऊण तासानं बाहेर येई. आत काय बोलणं होई ते डार्लीननं कधी विचारलं नाही. पण भुवया परत उगवू लागल्या होत्या, आणि एका गुरुवारी गाडीत पोरगी आपणहून म्हणाली होती, "आज भूक लागलीय." त्या एका वाक्यासाठी डार्लीननं रोवेनाचे पाय धुऊन पाणी प्यायलं असतं.

बारा वर्षांवरच्या मुलांना वेगळा फॉर्म होता. ब्रिन तो घेऊन वर गेली आणि तासाभरानं पाकीट चिकटवूनच खाली आली.

"काय लिहिलंस?" डार्लीननं विचारलं.

"विचारलं होतं ते."

डार्लीनला वाटलं, पोरगी आपलीच आहे, कळत असेल तिला. दोन्ही पाकिटं तिनं एकाच वेळी पोस्टात टाकली.

ऑगस्टमध्ये रस वॉरंट ऑफिसर झाला. ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी केंद्राच्या सभागृहात विद्यापीठाच्या डॉ. लाक्रुआ निष्कर्ष सांगायला आल्या. सत्तरेक माणसं जमली होती, कॉफीचा मोठा पिंप होता, पुढच्या रांगेत अधिकारी होते. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, हे सांगायला हवं, कारण त्या वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले. देशभरातल्या अकरा छावण्यांचे खांब उंचच उंच, आणि या गावाचा ठेंगणा.

"हा त्रासाचा खांब आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे तो सर्वांत कमी आहे. इथल्या कुटुंबांची खंबीरता खरोखर वाखाणण्यासारखी आहे."

टाळ्या पडल्या. डार्लीननंही वाजवल्या. खोटं का असेना, पहिला नंबर म्हटल्यावर माणूस सुखावतोच. त्या सहाजणींतल्या ट्रूडीनं मागून तिच्या पाठीत हळूच बोट खुपसलं आणि कानाशी म्हणाली, "बघ, तुझी शाळा पहिली आली."

मग केंद्राचे प्रमुख टॅलबट उठले. त्यांनी गावाचं अभिनंदन केलं आणि त्याच दमात सांगितलं, की समुपदेशक थोडे, गरज फार. त्यामुळे जिथले खांब उंच आहेत तिथं माणूस पाठवायचं ठरलं आहे, आणि एक नोव्हेंबरपासून रोवेना दुसऱ्या छावणीत रुजू होतील. इथल्या मुलांनी शहरातल्या रुग्णालयात नाव घालावं. तिथली यादी सध्या चौदा महिन्यांची होती.

डार्लीननं हातातली कॉफी खाली ठेवली. ती उभी राहिली.

"ते आकडे खोटे आहेत," ती म्हणाली. "आम्ही खोटं लिहिलं."

"डार्ली, खाली बस," रस दातांतल्या दातांत म्हणाला.

"मीच शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या चौकोनावर खूण करा म्हणून. विचारा ना यांना."

डॉ. लाक्रुआ खरोखरच त्या बायकांकडे वळल्या. सहाच्या सहा तिथं होत्या, आणि प्रत्येकीशेजारी तिचा नवरा होता, पुढं नवऱ्याचा साहेब. जोआनीनं आपल्या कोटाची चेन वर केली, खाली केली. ट्रूडी घसा साफ करून म्हणाली, "मी तर बाई माझं खरंच लिहिलं होतं." आपल्या शिष्या किती तयार झाल्यात, हे डार्लीनला त्या दिवशी कळलं. तिला ट्रूडीचा राग आला आणि तो घशातच राहिला, कारण त्या खुर्चीवर ती स्वतः असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

सभा संपल्यावर डॉक्टरबाई आपणहून तिच्याजवळ आल्या. अहवाल वर गेला आहे, आता परत घेता येत नाही, पण पुढच्या फेरीत हे नक्की ध्यानात धरू, असं त्या म्हणाल्या. पुढची फेरी तीन वर्षांनी होती.

"आणि मुलांचं काय?" डार्लीननं विचारलं. "मुलांनीही लिहिलं होतं ना तुम्हाला?"

"हो, मुलांचे फॉर्म वाचले आम्ही. प्रत्येक मुलाचा आईच्या फॉर्मशी ताडून पाहिला." बाईंनी हातातले कागद सारखे केले. "जिथं दोघांच्या सांगण्यात फारच अंतर होतं, तिथं आईचं धरायचं असं आधीच ठरलं होतं. मुलं कधीकधी एखाद्या वाईट दिवसाच्या भरात लिहितात, म्हणून."

"अशी किती होती? आमच्या गावात?"

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

रसनं गाडी सुरू केली. मग म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? मेजर बघत होते."

"पोरीचा गुरुवार गेला, रस."

"तुझ्यामुळेच गेला ना?" तो म्हणाला. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. घरी पोचल्यावर तो सरळ गॅरेजमध्ये गेला.

ब्रिन ओट्याशी उभी राहून टोस्ट खात होती. डार्लीननं कोट काढला नाही, आधी काढला असता तर सांगायचं राहून गेलं असतं.

"रोवेना जाणार आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या छावणीत. तिथं जास्त गरज आहे म्हणतात."

ब्रिननं टोस्ट खाली ठेवला. "पण मी लिहिलं होतं ना त्यांना. बाबांचं गॅरेजचं लिहिलं. भुवयांचं लिहिलं. तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, तेही लिहिलं. जागा पुरेना म्हणून पानाच्या मागं लिहिलं. वाचलं नाही का त्यांनी?"

उत्तरं तयार होती. पाकीट गहाळ झालं असेल, वरून हुकूम आला असेल, मोठ्या लोकांचं काय सांगावं. एकोणीस वर्षांत अशी उत्तरं डार्लीनच्या जिभेवर आयती येत. या वेळी तिला ती स्वतःलाच ऐकवेनात.

"वाचलं," ती म्हणाली. "पण तुझं आणि माझं जुळेना. म्हणून माझं खरं धरलं."

"तू काय लिहिलं होतंस?"

"सगळं ठीक आहे म्हणून."

ब्रिन ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं उरलेला टोस्ट कचऱ्यात टाकला, ताटली विसळली आणि पुसून जागेवर ठेवली.

"पुढच्या वेळी फॉर्म आला की मला आधी सांग," ती म्हणाली. "तू लिहिशील तेच लिहीन मी."

आणि ती वर निघून गेली.