न नेलेल्या फ्रेमा

कार्डाची मर्यादा बँकेने कमी केली नव्हती. फ्रेमवालीच्या नवऱ्याने स्वतः फोन करून ती कमी करून घेतली होती, आणि बढती मिळाल्याच्या थाटात संध्याकाळी बायकोला तसे सांगितलेही होते.

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. तिचे फोटो-चित्रांना फ्रेम करून देण्याचे दुकान. दुकानाचा गाळा भाड्याचा, आणि मालकांनी तो विकायला काढला होता. मालक पूर्वी त्याच गाळ्यात घड्याळे दुरुस्त करत, म्हणून त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. पहिला हक्क तुझा, असे त्यांनी फ्रेमवालीला सांगितले, इसार घेतला आणि पुढचे दोन महिने संपेपर्यंत थांबायचे कबूल केले. त्यानंतर मात्र ते थांबणार नव्हते. शेजारचा मोबाइलवाला रोख घेऊन तयारच होता. घरातली होती नव्हती ती शिल्लक इसारात गेली. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढायचे होते. कर्ज देणारे आपल्या कार्डाची तीन लाखांची मर्यादा पाहून म्हणतील, माणूस उधळ्या दिसतो. त्यापेक्षा आपणच ती पंचाहत्तर हजारांवर आणलेली बरी, असा नवऱ्याचा हिशेब. कार्डाच्या बँकेतल्या मुलीने फोनवर दोनदा विचारले, नक्की ना? त्याने दोनदा सांगितले, नक्की.

तीन आठवड्यांनी दोघे कर्जाच्या बँकेत बसले होते तेव्हा तिथल्या अधिकारीण बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. आधी चौकशी केली होती तेव्हा नवऱ्याचा क्रेडिट स्कोअर सातशे अडुसष्ट होता. आता सहाशे चौऱ्याण्णव. कर्जासाठी किमान सातशे पंचवीस लागत होते.

हप्ता कुठे चुकला का, असे फ्रेमवालीने विचारले. बाई म्हणाल्या, एकही नाही. एका ऑफिसच्या प्रमाणपत्रांच्या मोठ्या ऑर्डरसाठी फ्रेमवालीने त्या कार्डावर काच आणि लाकडी पट्ट्या घेतल्या होत्या. अडुसष्ट हजारांचे ते बिल हप्त्याहप्त्याने, मुदतीत भरलेही जाणार होते. पण स्कोअर काढणाऱ्यांना मुदत दिसत नाही, बाईंनी समजावून सांगितले. स्टेटमेंट निघते त्या दिवशी मर्यादेपैकी किती वापरलेले आहे, ते दिसते. तीन लाखांत अडुसष्ट हजार म्हणजे पावही नाही. पंचाहत्तरात अडुसष्ट म्हणजे माणूस गळ्यापर्यंत आलेला.

नवऱ्याने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवले.

"म्हणजे मी आठ माणसांच्या लिफ्टला दोघांची पाटी लावली," तो म्हणाला. "आत उभे दोघेच. पण आता ती भरलेली दिसतेय."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

मर्यादा पुन्हा वाढवता येईल का, हे त्याने तिथूनच कार्डाच्या बँकेला फोन करून विचारले. सहा महिने नाही, असे उत्तर आले. बाईंच्या टेबलासमोर आणखी चार जण ताटकळत होते, तरी त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्यावर तारखा मांडल्या. स्टेटमेंट एकोणीस तारखेला निघते. त्याच्या आधी कार्डावरची बाकी बावीस हजारांच्या खाली आणा. मुदतीची वाट पाहू नका आणि कार्डावर नवी खरेदी करू नका. नवा आकडा पोचला की स्कोअर वर यायला हवा. शब्द देत नाही, पण असे होताना पाहिले आहे. आणि तोवर तुमची फाइल मी नामंजूर करत नाही, बाजूला ठेवते. दोघे उठले तेव्हा फ्रेमवालीला त्या बाईंचे नावही विचारायचे सुचले नाही. ही गोष्ट तिला नंतर कितीतरी दिवस लागून राहिली.

सेहेचाळीस हजारांच्या वर रक्कम हवी होती आणि हातात दोन आठवडेही नव्हते. ऑफिसच्या ऑर्डरचे पैसे दीड महिन्याने येणार. नवरा म्हणाला, मोटारसायकल विकतो. ती म्हणाली, मग अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना काय सांगणार, चालत येतोय? एवढेच ती बोलली. ती ओरडली नाही, हेच त्याला जास्त झोंबले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तिला न विचारता तो बहिणीकडे गेला आणि सगळे सांगून आला.

बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, मोठ्या रुग्णालयात वॉर्डची मुख्य नर्स होऊन निवृत्त झालेली. भाऊ तिला ताई म्हणे आणि पाठीमागे तोफखाना. फ्रेमवाली तिला वन्सं म्हणे. वन्संनी गेली चार वर्षे दुकानाची पायरी चढली नव्हती. कारण कुणी बोलून दाखवत नव्हते.

त्याच्या पुढच्या सकाळी त्या दुकानात आल्या. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या आणि आधी भावाचा समाचार घेतला. लहानपणी रेडिओ चांगला चालतोय म्हणून उघडून पाहणारा हाच, इथपासून सुरुवात झाली. तो मुकाट्याने ऐकून कामावर गेला. मग वन्संची नजर मागच्या भिंतीवर गेली.

ती भिंत जमिनीपासून छतापर्यंत फ्रेमांनी भरलेली होती. तयार झालेल्या, पण कुणी न नेलेल्या. अर्धे पैसे ऑर्डर देताना आणि अर्धे नेताना, असा दुकानाचा रिवाज. फ्रेमच्या पाठीला नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी. पदवीचे समारंभ, आजोबा, बाळे, कुणाचे सायकल शर्यतीचे पदक, कुणी भरतकाम केलेला मोर. फ्रेमवाली दर आठवड्याला त्यांच्यावरची धूळ पुसत असे. फोन मात्र तिने कधी कुणाला केला नव्हता.

"ही सगळी मंडळी इथे फुकट राहतात होय?" वन्संनी विचारले.

फ्रेमवाली म्हणाली की, जो येत नाही त्याची काहीतरी अडचण असते. आपण पैशांसाठी मागे लागलो असे दिसते. ते बरे वाटत नाही.

"तुला बरं वाटत नाही म्हणून गाळा मोबाइलवाल्याला द्यायचा?" वन्सं म्हणाल्या आणि हात पुढे केला. "फोन दे."

त्या दिवसापासून आठवडाभर वन्सं रोज दुकानात येऊन बसल्या. आवाज तोच, ज्याने ऑपरेशननंतर अंथरूण न सोडणाऱ्या पुरुषांना त्यांनी तीस वर्षे उठवून चालवले होते. पहिला फोन एका दवाखान्याच्या मालकांना गेला. फ्रेमवाली काच कापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"नमस्कार. तुमचे वडील आमच्याकडे दोन वर्षं आहेत. नाही, तब्येत उत्तम आहे. जेवणखाण काही नाही त्यांचं, पण जागा अडते."

ते डॉक्टर तासाभरात आले. फ्रेमवालीला वाटले, आता भांडण. पण ते वडिलांच्या फोटोसमोर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले की, इतके दिवस झाल्यावर यायची लाज वाटत होती. तुम्ही टाकून दिला असेल असेच धरून चाललो होतो. उरलेले पैसे देऊन त्यांनी आईच्या फोटोचीही ऑर्डर दिली.

मग हे रोजचेच झाले. येणारा आधी माफी मागायचा. एक प्राध्यापक तर आपली पदवी हातात धरून, उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे दारातच उभे राहिले. मोराचे भरतकाम न्यायला तीन पिढ्यांच्या बायका आल्या आणि हा मोर कुणी काढला यावरून दुकानातच त्यांची जुंपली. एकाने दर जास्त आहे असा सूर लावला. वन्संनी त्याला फ्रेमचा कोपरा दाखवला, दोन पट्ट्यांच्या सांध्यात नख घालून पाहा म्हणाल्या. नख जाईना. त्याने पैसे दिले. फ्रेमवाली चकित होऊन बघत राहिली, कारण तिच्या कामाबद्दल वन्सं चांगले बोलल्याचे तिला आठवत नव्हते. तिच्या हेही लक्षात आले की आपण भिडेपोटी फोन करत नव्हतो आणि ही माणसे भिडेपोटी येत नव्हती. मधल्या मध्ये फोटो भिंतीला लटकत राहिले होते.

एक फोन वेगळा झाला. साखरपुड्याचा फोटो होता, दीड वर्षापूर्वीचा. वन्संनी नेहमीच्या खणखणीत आवाजात नाव विचारले, पलीकडचे ऐकले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"नाही, पैशांसाठी नाही केला," त्या म्हणाल्या. "न्यायचा नसेल तर नको नेऊस. फोटो काढून पाकिटात ठेवते, कधी वाटलं तर सांग. आगाऊ दिलेले तुझे परत मिळतील. आणि बाळ, काही खाल्लंस का सकाळपासून?"

फोन ठेवून त्यांनी ती फ्रेम उतरवली, पाठीमागचे खिळे स्वतः पकडीने काढले आणि फोटो वेगळा केला. आगाऊ रक्कम पाकिटात घालून बाजूला ठेवायला फ्रेमवालीला खुणेनेच सांगितले. मग पुढचा नंबर लावला. फ्रेमवालीने वन्संच्या पाठीकडे पाहिले. लग्न होऊन पंधरा वर्षे झाली होती; या बाईने किती जणांना असे खाल्लंस का म्हणून विचारले असेल, ते तिच्या मनात कधी आलेच नव्हते.

येणारी रक्कम नवरा रोज संध्याकाळी कार्डावर भरत होता. सतरा तारखेला बाकी एकोणीस हजारांवर आली आणि काम झाले. वन्संनी तरी स्टूल सोडले नाही. भिंतीवर खालच्या कोपऱ्यात, बाकीच्या निघाल्यामुळे आता दिसू लागलेली, एक फ्रेम होती. वन्संच्या निवृत्तीच्या दिवशीचा वॉर्डचा फोटो. पांढऱ्या कपड्यांतल्या एकोणीस बायका आणि मधोमध वन्सं, न हसता.

तो फोटो त्यांनी चार वर्षांपूर्वी आणून दिला होता. न्यायला आल्या तेव्हा फ्रेमवालीने पैसे घ्यायला नकार दिला. घरच्या माणसाकडून कसे घ्यायचे. वन्सं फ्रेम तशीच ठेवून निघून गेल्या होत्या. फ्रेमवालीने तेव्हा मानले होते की आपल्याकडून काही घेणे त्यांना कमीपणाचे वाटते.

"माझं बिल कर," आता वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, एवढं सगळं केलंत, आणि तुमच्याकडून—"

"घरची म्हणून पैसे घेत नाहीस. आणि घरी कधी बोलावत नाहीस. मग मी नक्की कुठली?"

फ्रेमवालीने बिलबुक पुढे ओढले. तिने बिल केले. काच, पट्टी, मजुरी, एकही आकडा कमी न करता. वन्संनी पैसे मोजून दिले, फ्रेम काखेत घेतली आणि गेल्या. कार्डाच्या हिशेबात त्या पैशांनी काही फरक पडला नाही. ती रेषा आधीच ओलांडली होती. पण संध्याकाळी नवऱ्याने विचारले, ताईकडून पैसे घेतलेस? तेव्हा ती म्हणाली, पूर्ण घेतले, आणि तिला हलके वाटले.

पुढच्या महिन्यात अधिकारीण बाईंचा फोन आला. स्कोअर सातशे एकेचाळीस झाला होता. पूर्वीइतका नाही, पण पुरेसा. कर्ज मंजूर झाले आणि घड्याळकाकांनी महिनाअखेरीच्या चार दिवस आधी कागदांवर सह्या केल्या. या वेळी फ्रेमवालीने बाईंचे नाव विचारून घेतले आणि त्यांच्या टेबलासाठी एक छोटी फ्रेम केली. आत काय लावायचे ते त्यांनी ठरवावे. नवऱ्याला कोणत्याही बँकेला एकट्याने फोन करायला बंदी झाली. त्यानेही ती हसत मान्य केली.

गाळा नावावर झाला त्या दुपारी फ्रेमवाली रिकाम्या भिंतीसमोर स्टुलावर बसली आणि तिने फोन लावला.

"वन्सं, तुमचं एक जेवण आमच्याकडे पंधरा वर्षं पडून आहे," ती म्हणाली. "जागा अडते. घेऊन जा."



"रविवारी येते," वन्सं म्हणाल्या. "मीठ बेताने घाल. मला बीपी आहे, ते तुला कुठलं आठवायला."

तिला आठवत होते. पण तिने ते बोलून दाखवले नाही. हो म्हणाली, आणि रविवारी किती वाजता ते विचारले.