सगळ्यांचा डावाच पाय आखूड

मुलांनो, डोळे मिटून कल्पना करा, असं मी म्हणणार नाही. डोळे उघडे ठेवूनच करा, कारण ही गोष्ट नीट पाहण्याची आहे.

एक व्यायामशाळा आहे, अरुंद जिना चढून वर गेलं की लागते ती. भिंतभर आरसे, कोपऱ्यात वजनं, हवेत घामाचा आणि रबराचा वास. एरवी संध्याकाळी इथे मोजकी माणसं असतात, आज पाय ठेवायला जागा नाही. मधोमध एक खुर्ची, खुर्चीत शिंपीणबाई, आणि त्यांचे पायांतले बूट दोन्ही हातांत धरून समोर उकिडवे बसलेत पांढऱ्या ट्रॅकसूटमधले एक गृहस्थ. लोक त्यांना कायागुरू म्हणतात.

"पाहा! डावा पाय दोन बोटं आखूड!" कायागुरू गरजले. "म्हणून मान दुखते. आता पेशी जाग्या होतायत... हाड ऐकतंय... वाढ बाळा, वाढ!"

आणि सगळ्यांच्या देखत मागे राहिलेला डावा बूट हळूहळू पुढे सरकला आणि उजव्याच्या बरोबरीला आला! टाळ्यांचा कडकडाट झाला. पन्नाशीच्या बाईचं हाड वाढलं होतं, आणि तेही बूट-मोजे घालून.

"उठा! दोन्ही पाय दणादण आपटा! ऊर्जा आत बसू द्या!"

शिंपीणबाईंनी पाय आपटले, मान हलवली आणि त्या रडायलाच लागल्या. "हलकं वाटतंय हो!"

भिंतीला टेकून ताई हे बघत होती. ताई म्हणजे इथे व्यायाम शिकवणारी. दिवसभर लोकांना उठवून-बसवून तिचा आवाज बसला होता. शिंपीणबाई मशीनवर वाकून बसतात, म्हणून तिने त्यांना खांद्यांचे व्यायाम दिले होते. बेकरीवाला पहाटेपासून उभा असतो, त्याला पोटऱ्यांचे वेगळे. प्रत्येकाचं काम, वय, दुखणं विचारून ती व्यायाम ठरवायची आणि दर आठवड्याला थोडा बदलायची. कायागुरूंचं काम सोपं होतं. मान दुखो, झोप न येवो, पोट सुटो, सगळ्यांचं कारण एकच: डावा पाय आखूड.

"मालक, हे थांबवा," ताई म्हणाली.

"अगं, जागा पुरत नाहीये बघ!" मालक गर्दीवरून नजर न काढता म्हणाले. "तुझ्या उठाबशांना कधी टाळ्या पडल्या का?"

ताई पुन्हा भिंतीला टेकली. खोटं थोडंच होतं ते?

पुढचा नंबर आबांचा होता. आबा म्हणजे निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर गल्ल्या पालथ्या घातलेला माणूस, पण पडून खुब्याचं हाड मोडलं आणि हातात काठी आली. त्यांच्याबरोबर त्यांची नात होती. किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. आबांना वाकता येत नसे, म्हणून त्यांच्या बुटांच्या नाड्या टाचणीच बांधायची. दुहेरी गाठ, घट्ट. ताईनेच शिकवली होती, नाडी पायात येऊन पुन्हा पडायला नको म्हणून.

"आबा, तुमचे दोन्ही पाय मी टेपने मोजलेत," ताई म्हणाली. "सारखे आहेत. डावा आखूड नाही, कमजोर आहे. अजून थोडे महिने..."

"पोरी, कंटाळा आलाय गं," आबा हळूच म्हणाले. "खुर्चीतून उठा, खुर्चीत बसा. टाचा उचला, टाचा टेका. रोज तेच. हा माणूस एका मिनिटात करतोय, तर करू दे की."

कायागुरूंनी आबांच्या नाड्या सोडल्या. "रक्ताला वाट द्यावी लागते!" मग बूट हातांत धरले. "डावा पाय दोन बोटं आखूड!"

बाकीचे उभे राहून समोरून बघत होते. टाचणी नेहमीसारखी आबांच्या पायांशी, बाजूला जमिनीवर बसली होती. तिला एकदम काहीतरी लाल दिसलं. आबांच्या मोज्यांच्या टाचा फाटल्या होत्या आणि आजीने हाताला लागेल त्या लाल दोऱ्याने त्या रफू केल्या होत्या. ते रफू बुटात असायला हवं होतं. मग उजव्या पायाचं बाहेर कसं?

"वाढ बाळा, वाढ!"

आता डाव्या टाचेचंही लाल रफू हळूहळू बाहेर आलं.

"आपटा पाय! आता फेकून द्या ती काठी. एकटे जिना उतरून घरी जायचं! जो काठी धरेल, त्याचा पाय पुन्हा आखूड होईल!"

आबांनी पाय आपटले, दोन्ही रफू बुटांत गडप झाली. काठी कोपऱ्यात टाकून आबा चालले. चार पावलं खरंच झोकात टाकली. लोकांनी वाट करून दिली. समोर दार, दारापलीकडे तो अरुंद जिना. आणि त्यांच्या नाड्या अजून सुटलेल्याच.

"आबा, थांबा!" टाचणी धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली. "गुरुजी, सगळ्यांचा डावाच पाय कसा आखूड?"

हशा पिकला. कायागुरूही हसले. "बाळ, हृदय डावीकडे असतं ना!"

"मग आबांचे बूट काढून परत दाखवा."

"अनवाणी पायातून ऊर्जा जमिनीत जाते."

"बरं. मग मीच करते. बेकरीकाका, बसा बघू खुर्चीत."

बेकरीवाला दांडगा माणूस. गंमत म्हणून बसला. टाचणीने त्याच्या नाड्या सोडल्या, बूट धरले आणि उजवा टाचेपासून जरासा पुढे ओढला. "पाहा! डावा पाय आखूड!" मग गुरूंसारखाच आवाज काढून म्हणाली, "वाढ बाळा, वाढ!" आणि डावा बूटही तेवढाच ओढला. पाय वाढला! "आता समोरून नको, बाजूने बघा. काका, टाच कुठेय तुमची?"

बेकरीवाल्याने वाकून पाहिलं. "आयला! टाच तर अर्धी बाहेर! म्हणजे पाय आपटायला लावतात ते..."

"टाच परत आत जायला," टाचणी म्हणाली.

कायागुरूंनी पिशवी उचलली. वाईट शक्तींबद्दल काहीतरी पुटपुटत ते जिना उतरून गेले, तेही कठडा धरून. मालक आरशात स्वतःकडे बघत उभे राहिले.

"पण मला हलकं वाटलं होतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"वाटलं असेल," ताई शांतपणे म्हणाली. "एवढी माणसं टाळ्या वाजवताना कुणालाही वाटतं. आबाही त्याच भरात चार पावलं चालले. जिना उतरताना टाळ्या नसतात."

मुलांनो, असे गुरू मी बरेच पाहिले. एक गेला की दुसरा येतो, ट्रॅकसूटचा रंग तेवढा बदलतो. खरं सांगतो, दमायला होतं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर तो सांगेल तिथून बघू नका. जागा बदला. बाजूने बघा. बूट काढून दाखवा म्हणा. खरं असेल तर ते बूट काढल्यावरही खरंच राहील.

गर्दी पांगली. ताईने हात धरून आबांना दारातून परत आणलं आणि खुर्चीत बसवलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की टाचणीला वाटलं, आपण काही चुकीचं तर नाही ना केलं?

"मला तुझा राग नाही आला गं," आबा म्हणाले. "पण ती चार पावलं फार छान होती."

टाचणीने कोपऱ्यातून काठी आणून आबांच्या हाताशी ठेवली. त्यांच्या पायांशी बसून दोन्ही नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारून, घट्ट. मग दुसरी खुर्ची ओढत आणली, आबांच्या शेजारी लावली आणि स्वतः तिच्यात बसली.

"चला आबा," ती म्हणाली. "मीपण. उठा."