बियाण्याचा डबा

ताईने डब्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि विचारलं, "हे कुठलं गं?"

"तुझंच. तूच तर ठेवायला दिलंस." मी कढई घासत राहिले.

ताई माझी थोरली बहीण. घरामागच्या तुकड्यात भाजी लावायची. आईपासून तिच्याकडे घेवड्याचं एकच बी चालत आलं होतं. थोड्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, त्यांतलंच बी पुढच्या साली पेरायचं. तिच्या घरात उंदीर झाले, म्हणून होतं नव्हतं ते सगळं बी तिने माझ्याकडे आणून ठेवलं.

मी कारखान्याच्या खानावळीत तीस माणसांचं रांधायची. ताई म्हणायची, "ज्या दिवसांत जे पिकतं, ते घाल की त्यांच्या पोटात. अंगी लागतं."

"तुझ्या वेलाला माझी जेवणाची घंटा कळते का? मला शीतगृहाची गाडी बरी. बारा महिने सगळं हजर."

गाडीची भाजी दिसायला देखणी, चवीला पाणी. ताटात उरायची. मी मिठाला दोष द्यायचे.

एका संध्याकाळी निरोप आला, रस्ता बंद आहे, उद्या गाडी नाही. मी ताईचा डबा उघडला आणि दाणे भिजत घातले. घेवडा तो घेवडा, दुकानातून आणून भरून ठेवू.

दुसऱ्या दिवशी पातेलं पुसून निघालं. रोज अर्धं ताट टाकणारा म्हातारा फिटर म्हणाला, "काय हो बाई, आज स्वयंपाकाला दुसरं कोणी आलं होतं का?"

मी फुशारले. दुकानातला घेवडा आणून डबा भरला, ताईला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही.

"आपल्या दाण्याला पोटाशी तांबडी रेघ असते," आता ताई म्हणाली.

मी कढई खाली ठेवली आणि सांगून टाकलं.

"सगळे शिजवलेस?"

"सगळे."

शिव्या देईल असं वाटलं. ती उंबऱ्यावर बसली.

"खाल्ले का त्यांनी?"

"चाटूनपुसून."

"खातीलच. आपला दाणा लोण्यासारखा शिजतो."

"दुसरं बी आणून देते, ताई."

"नको."

दुपारी मी तिच्याकडे गेले. वेल चढवायला तिने काठ्या आधीच रोवून ठेवल्या होत्या. आता एकेक उपटून, माती झटकून भिंतीला टेकवून ठेवत होती. मी हात लावायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली, "होतंय माझं."