धोंडाबाईची चुंबळ

अमोघची मान अशी काही धरली होती, की मागून कुणी हाक मारली तर गडी अख्खाच्या अख्खा वळायचा. तो भाड्याने राहायचा त्या नांदे गावातली पोरं मुद्दाम मागून ओरडायची अन् हसायची. हसा लेको! दिवसाचे बारा तास कॉम्प्युटरसमोर मुंडी पुढे काढून बसा, मग कळेल.

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा उदगीरला वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता दोन हजार पाचचा उन्हाळा होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, महिन्याभरात फरक पडला नाही तर हे काम सोडावं लागेल. मागची गाडी बघायला मान वळत नव्हती, म्हणून मोटारसायकल चार महिने धूळ खात पडली होती. कामावर जीव होता त्याचा. ते सोडायच्या नुसत्या विचाराने त्याला रडू यायचं.

ऑफिसात दर शनिवारी दयानंद सर योगासनं शिकवायचे. "खांदे सैल, मान उंच, श्वास चालू," एवढंच त्यांचं सांगणं. पण हा पडला कॉम्प्युटरवाला. याने त्याचंही टार्गेट केलं. रोज सकाळी भाड्याच्या खोलीवरच्या गच्चीत, समोर घड्याळ ठेवून, दातओठ खात मान वळवायचा. खांदे कानाला भिडायचे, श्वास कोंडायचा, दुखणं उलट वाढायचं.

एके सकाळी घरमालकीण धोंडाबाई तिथंच कुरडया वाळत घालत होती. सत्तरीची म्हातारी, पण तिला काही राहवेना.

"आरं, मानंसंगं मारामारी करतुयास का काय?"

"आजी, योगासन आहे हे."

"आसंल बाबा. पर खांदं कशापायी कानात कोंबतुयास?"

ती खाली गेली आणि वर आली ती डोक्यावर काठोकाठ भरलेला पितळी हंडा घेऊन. जिना चढून! दोन्ही हात मोकळे! घरात नळ येऊन दहा वर्षं झाली होती, तरी सवय मोडली नव्हती. ती गच्चीभर फिरली. शेजारच्या रत्नाबाईने हाक मारली, तर पाय न थांबवता हळूच मान वळवून "व्हय गं" म्हणाली. थेंब सांडला नाही. अमोघच्या अंगावर काटा आला. खांदे सैल, मान उंच, श्वास चालू. सर दोन महिने सांगत होते ते त्याच्यासमोर चालत होतं.

हंडा उतरवून तिने त्याच्याखालची कापडाची चुंबळ अमोघच्या डोक्यावर ठेवली.

"हंडा न्हाई द्याची तुला, मोडशील. नुस्ती चुंबळ वर ढकलायची, खांदं आपसूक खाली येत्यात. अन् सोसंल तेवढंच वळ. कुटं पळून चाललीय का मान?"

घड्याळ खोलीत राहिलं. रोज सकाळी चुंबळ, ऑफिसात तासातासाला पाच मिनिटं चुंबळ. सगळे खो खो हसले. सरांनी मात्र ती हातात घेऊन कपाळाला लावली. पहिले आठ दिवस मान बोटभरही हलली नाही. मग जराशी हलली. रात्री झोप लागू लागली.

डॉक्टरांनी दिलेला महिना संपायला दोन दिवस उरले होते. अमोघ गच्चीत डोक्यावर चुंबळ ठेवून, डोळे मिटून बसला होता.

"आमोघा, च्या झालाय!"

"आलो आजी," तो म्हणाला, आणि दचकलाच. धोंडाबाई मागे जिन्यात उभी होती आणि तो तिच्याकडे बघत होता. मांडी तशीच, खांदे तसेच. फक्त मान वळली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तरी चुंबळ डोक्यावर जागची हलली नव्हती.

तो उठून म्हातारीच्या पाया पडायला वाकला, तेव्हा चुंबळ पडली.