सांतोलच्या झाडाखालचा राखणदार

या, जवळ सरका. पाठ दुखत असेल तर खांबाला टेका, पण कान इकडे ठेवा. दर वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात प्रभूच्या यातनांची गाथा गाणारा मी माणूस. आज एका साध्या हमालाची गोष्ट सांगतो.

महायुद्धाच्या शेवटी आमच्या डोंगरातून जपानी फौज माघारी निघाली तेव्हा त्यांनी हमालीला धरलेल्या होनोरातोच्या पाठीवर तांदळाचं पोतं होतं. चढणीला तो बसला. सैनिकांनी संगिनीनं त्याला तिथंच संपवला. त्याची आई आणि चौदा वर्षांची बहीण ब्रिहिदा, दोघींनी एका कुदळीनं त्याला सांतोलच्या झाडाखाली पुरला. आईनं मरताना एवढंच मागितलं, की लेकाला एकटा पडू देऊ नको. म्हणून दर मृतांच्या दिवशी मनांग ब्रिहिदा (थोरल्या बाईला आम्ही मनांग म्हणतो) तिथं पानावर चिकट भात, उकडलेलं अंडं, उसाची दारू ठेवायची. स्वतःची जागाही तिनं त्याच्याशेजारीच धरली होती.

हे ताट तिचा भाचा तेओफिलो दरवर्षी बघत होता.

एका वर्षी तो चार माणसं, पहारी आणि खणायच्या परवानगीची सरपंचाची चिठ्ठी घेऊन आला. ब्रिहिदा झाडाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, इथं सोनंबिनं काही नाही, तुझा सख्खा काका आहे.

तेओफिलो हसला. "आत्या, तूच सांगितलंस बघ. जपानी सैनिक सोनं पुरायचे आणि त्यावर माणूस मारून पुरायचे, राखणीला. नाहीतर बत्तीस वर्षं जेवण कुणाला वाढतेस?"

ती जितकं शपथेवर सांगे की खाली मढं आहे, तितक्या त्यांच्या पहारी जोरात चालत. मी मध्ये पडलो, तर मला म्हणाले, गायका, तुझा वाटा किती ठरलाय?

हातभर खाली हाडं लागली. राखणदार सापडला म्हणून ते नाचले, आणि हाडं मातीच्या ढिगावर फेकून पुढं खणू लागले. ब्रिहिदा गुडघ्यावर बसली. एकेक हाड पुसून तिनं विणलेल्या चादरीत घेतलं. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. चर्चच्या आवारात, आईच्या कुशीला तिनं त्याला ठेवला, मी गायलो. तिथंच शेजारची जागा तिनं स्वतःसाठी सांगून ठेवली.

तीन आठवड्यांनी खड्डा तीस हात खोल झाला आणि पाणी लागलं. झाडही आत कोसळलं. चिखलानं माखलेला तेओफिलो तिच्या दारात आला. राखणदार रागावलाय, एकदा ताट वाढ, त्याला समजाव, म्हणाला.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"राखणदाराला मी केव्हाच घेऊन गेले. त्या खड्ड्यात आता तूच आहेस. तुला कोण वाढणार ते तू बघ."

त्यानं पाणी मागितलं, तेही तिनं दिलं नाही. आमच्यात तहानलेल्याला कुणी परत पाठवत नाही, पण त्या दिवशी मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही.

तेओफिलो अजून खणतो. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर लोक तुम्हाला खड्डा दाखवतील, सोन्याच्या गोष्टी सांगतील. ऐकून घ्या. पण निघताना हात जोडून होनोरातोची आठवण काढा. त्याच्या पाठीवर फक्त तांदूळ होता, आणि तोही दुसऱ्यांचा.